बॅटरी बसलीये, बॉस!

तुमच्या टेबलाखाली एक काळा डबा आहे. तोच तो, ज्याच्यावर तुम्ही निवांत पाय टेकवता. त्याच्यावर एक बारकासा हिरवा दिवा लागलेला असतो आणि तो दिसला की आपल्याला उगाच सेफ वाटतं. मलाही वाटायचं. यंदाच्या मार्चएण्डपर्यंत.

त्या दिवशी ऑफिसात आमची दर तीन महिन्यांची डीआर ड्रिल चालू होती. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी. फंडा सिंपल आहे. मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करायचा आणि बॅकअपवाला खरंच उठून उभा राहतोय का ते बघायचं. मी त्या ड्रिलचा लीड. हातात चेकलिस्ट, गळ्यात आयकार्ड, आणि आव असा की देश मीच चालवतोय. ‘जो बॅकअप टेस्ट केला नाही तो बॅकअपच नव्हे’ हे वाक्य मी कॉलवर किमान तीनदा तरी फेकलं असेल. आणि नेमका तेव्हाच आईचा फोन.

‘‘कामात आहेस का?’’

‘‘आहे, पण बोल पटकन.’’

‘‘काही नाही रे. बाबांचा कॉम्प्युटर बंद पडला. लाईट गेली होती ना.’’

‘‘अगं, मग यूपीएस आहे की त्याला!’’

‘‘आहे की,’’ आई शांतपणे म्हणाली, ‘‘पण लाईट गेली की तोही बंद पडतो.’’

जोक म्हणून हे भारी आहे. पण आईचा आवाज जोकचा नव्हता. आमचे बाबा, वय वर्षं ७२, सोसायटीचे खजिनदार. अठरा फ्लॅट्सचा वर्षाचा हिशोब, एक्सेलमध्ये. बाबा फाईल सेव्ह करत असतानाच लाईट गेली. परत आली तेव्हा फाईल उघडेना. वर्षभराच्या नोंदी गायब, ऑडिटर आठ दिवसांवर. आणि बाबा? बाबा व्हाऊचरची पेटी घेऊन पहिल्यापासून टाईप करायला बसले होते.

‘‘मी आत्ता नवीन यूपीएस ऑर्डर करतो. उद्या घरपोच!’’ मी म्हटलं. आपल्या पिढीचं सगळ्या दुखण्यांवर हेच एक औषध. मोडलं? नवीन मागव.

बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला. ‘‘मागवू नकोस. तू ये. उघडून बघू.’’

मी राहतो वाकडला, आई-बाबा कोथरूडला. अंतर म्हणाल तर पंधरा किलोमीटर. पण पुण्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, ते मूडमध्ये मोजतात. आणि माझा मूड महिन्यातून एकदाच लागायचा. तेही जेवणापुरता.

शनिवारी सकाळी पोचलो. आईने पोहे पुढे केले. बशी घेऊन मी कॉम्प्युटरपाशी गेलो आणि तिथेच थबकलो. मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेली एक चिठ्ठी. बाबांचं अक्षर, निळं बॉलपेन:

‘दर ५ मिनिटांनी सेव्ह. गुरुवारी कॉम्प्युटर लावू नये.’

(गुरुवार आणि लाईट यांचं नातं काय, हे पुणेकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी: दुरुस्तीसाठी लाईट घालवायची असेल, तर पुण्यात तो वार बहुतेक गुरुवारच असतो.)

‘‘हे कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘गणपतीपासून,’’ बाबा म्हणाले.

गणपती ते मार्च. म्हणजे सहा-सात महिने. इतके दिवस डब्यावर हिरवा दिवा लागलेला होता आणि आत काहीच नव्हतं. ‘‘मग मला सांगितलं का नाही?’’

‘‘तू कामात असतोस.’’

पोहे घशात अडकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आता जरा फ्लॅशबॅक. हा यूपीएस मीच आणला होता, २०२० साली. तेव्हा सगळं जग घरून काम करत होतं. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईसारख्या शहराची लाईट सकाळी सकाळी गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि ‘आमच्याकडे कधी जात नाही’ म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली. मी लगेच स्मार्टपणा करून आई-बाबांसाठी ६०० व्हीएचा यूपीएस घेतला, सगळ्या वायरी खुपसल्या, हिरवा दिवा लागला, फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. आठ लाईक्स. त्यानंतर त्या डब्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर आपल्या शहराने आपल्याला लाडावून ठेवलंय. ज्यांना २००५च्या आसपासचा महाराष्ट्र आठवतो त्यांना लोडशेडिंगचं टाईमटेबल पाठ असेल. मग २००६मध्ये ‘पुणे मॉडेल’ आलं. इथल्या कंपन्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले, तेवढी वीज शहराला मिळाली, त्याचा जास्तीचा खर्च आपल्या बिलांत आला आणि पुण्याचं लोडशेडिंग थांबलं. बेस्ट झालं. पण लाईट रोज जायची तेव्हा प्रत्येकाला माहीत असायचं की आपला इन्व्हर्टर किती वेळ टिकतो. आता ती क्वचित जाते. म्हणजे बॅटरीची परीक्षाच होत नाही. आणि परीक्षा झाली नाही की सगळेच पास.

असो. ऑपरेशन सुरू.

बाबांना यातलं कळतं. उगाच नाही, पूर्ण नोकरी टेलिफोन खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये. तुम्हाला आठवतंय का, पूर्वी घरातली लाईट गेली तरी लँडलाईन चालू असायची? त्यामागे एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या. दोन-दोन व्होल्टचे चोवीस मोठे सेल ओळीने जोडायचे की झाले ४८ व्होल्ट. त्यावर अख्ख्या एरियाचे फोन. बाबा सांगतात, रोज रजिस्टर असायचं. कुठल्या सेलचे किती व्होल्ट, ॲसिडची घनता किती, डिस्टिल्ड वॉटर कुठे कमी झालंय. ‘‘बॅटरी बोलत नाही,’’ हा त्यांचा डायलॉग. ‘‘तिला रोज विचारावं लागतं.’’

‘‘मग तुम्हीच का नाही उघडलात हो हा?’’ मी म्हटलं. ‘‘तुमच्या डाव्या हातचा मळ!’’

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी यूपीएस आडवा केला आणि स्टारचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. टेबलावर त्यांचा हात अगदी स्थिर होता. पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्क्रूजवळ गेलं आणि हात थरथरायला लागला. टोक कधी स्क्रूच्या या बाजूला, कधी त्या बाजूला. खाचेत काही बसेना. दोन-तीनदा प्रयत्न केला आणि त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

‘‘स्क्रू खोलात आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘सापडत नाहीत. म्हणून तुला बोलावलं.’’

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ‘‘टायपिंगचंही तेच होतंय,’’ ती म्हणाली. ‘‘एकाच्या जागी दोन बटणं दाबली जातात. एकेका व्हाऊचरला किती वेळ लागतो बघ.’’

म्हणजे गेलेली फाईल फक्त फाईल नव्हती. ती कितीतरी रात्रींची मेहनत होती. आणि मी रोज फोनवर विचारत होतो, ‘‘सगळं ठीक ना?’’ उत्तर यायचं, ‘‘ठीक.’’ विषय संपला.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. पुढचं सगळं बाबा सांगत होते, मी करत होतो. तुमच्या घरी असाच लोच्या झाला तर उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देतो.

आधी सेफ्टी. भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, यूपीएस ऑफ, कॉम्प्युटरच्या वायरी काढलेल्या. मग अंगठी, कडं, घड्याळ, सगळं उतरवायचं. बारा व्होल्ट म्हणून हसू नका. बॅटरीच्या दोन टोकांत धातूची अंगठी अडकली तर ती क्षणात लालबुंद होते. शिवाय प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज उरतो, म्हणून लगेच हात घालायचा नाही. आणि उघडलेला यूपीएस कुणीही कितीही म्हटलं तरी चालू प्लगला लावायचा नाही. काही मॉडेल्समध्ये बॅटरीच्या तारासुद्धा घरच्या विजेपासून पूर्ण वेगळ्या नसतात.

मग बाहेरून बघायचं. मागे एक छोटं बटण किंवा काचेचा फ्यूज असतो. बटण बाहेर आलंय का? फ्यूजची तार तुटलीये का? आमचं बटण जागच्या जागी होतं. बीप कशी येते, तेही ऐकायचं. थांबून थांबून बीप म्हणजे साधारणपणे ‘मी बॅटरीवर चाललोय’. सलग किंचाळी म्हणजे बहुतेक वेळा ‘ओव्हरलोड’ किंवा ‘मला वाचवा’. प्रत्येक कंपनीची बाराखडी थोडी वेगळी, म्हणून ते मॅन्युअल फेकू नका. (मी फेकलं होतं. बाबांनी ते केराच्या टोपलीतून काढून फाईलला लावलं होतं.)

झाकण उघडलं. धूळ, एक मेलेलं झुरळ आणि मधोमध बॅटरी. ‘‘वास घे,’’ बाबा म्हणाले. मी घेतला. जळका नाही. ‘‘कपॅसिटरची डोकी बघ.’’ ते छोटे दंडगोल असतात ना, त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली असली, वरून काही गळलेलं असलं, तर आपलं काम तिथेच संपलं. डबा सरळ मेकॅनिककडे. आमची सपाट होती.

आता बॅटरी. सीलबंद लेड-ॲसिड, बारा व्होल्ट, सात ॲम्पियर-अवर. बहुतेक छोट्या यूपीएसमध्ये हीच असते. वजन दोन किलोच्या आसपास. ती फुगलेली असेल आणि निघत नसेल, तर उचकटायच्या भानगडीत पडायचं नाही. आमची सरळ निघाली. आधी काळी वायर काढली, मग लाल. कुठली कुठे होती, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला. उलटी जोडली तर आतल्या सर्किटची वाट लागते.

मीटर लावला. १२.८ व्होल्ट.

‘‘बाबा! बॅटरी तर टकाटक आहे!’’ मी ओरडलो. चांगली चार्ज झालेली बॅटरी इतकंच दाखवते, हे मला गुगलने आदल्या रात्री शिकवलं होतं.

बाबा हसले. कपाटातून त्यांनी एक जुना बल्ब काढला. स्कूटरच्या हेडलाईटचा, बारा व्होल्ट, ३५ वॅट, दोन वायरी जोडून ठेवलेला. ‘‘बसल्या जागी सगळेच ठीक असतात,’’ ते म्हणाले. ‘‘आता हिला काम दे.’’

बल्ब जोडला. क्षणभर लख्ख पेटला. मग पिवळा झाला. मग तांबडा. मीटरवरचे आकडे लिफ्टसारखे खाली आले. ११... ९... ७.

‘‘बसली,’’ बाबा म्हणाले.

मी मीटरकडे बघत होतो. बाबा त्यांच्या हाताकडे बघत होते.

आता यामागचं सायन्स. पकवत नाही, दोन मिनिटांत संपवतो. ही लेड-ॲसिड बॅटरी गॅस्तों प्लान्ते नावाच्या फ्रेंच माणसाने १८५९ साली बनवली. तत्त्व आजही तेच. आत शिशाच्या प्लेट्स आणि सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की प्लेट्सवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केली की ते परत विरघळतं. पण बॅटरी जुनी झाली किंवा बराच काळ अर्धवट चार्ज राहिली, की ते सल्फेट कडक खडे होऊन बसतं आणि जायचं नाव घेत नाही. काही वेळा आतलं पाणीही सुकतं. मग वरवर व्होल्टेज दिसतं, पण करंट मागितला की दम संपतो. यूपीएसचा चार्जर तिला दिवसरात्र थोडं थोडं भरवत असतो, त्यामुळे आकडा छान दिसतो आणि हिरवा दिवाही लागतो. कारण साध्या यूपीएसमध्ये त्या हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच, की भिंतीतून लाईट येतीये. बॅटरीत दम आहे की नाही, हे तो सांगतच नाही! आपणच ते त्याच्या तोंडी घालतो.

एवढी ती लवकर का बसली? खरं तर लवकर नाहीच. या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षं, तेही २५ अंशांच्या आसपास ठेवल्या तर. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आता आमचा डबा कुठे ठेवला होता? पश्चिमेच्या खिडकीखाली, पडद्याच्या मागे, वर वर्तमानपत्रांची रद्दी. तिथे कोणी ठेवला होता? गेस करा.

दुपारी आम्ही दोघं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दगडूशेठपासून चालत जाता येतं, पार्किंग मिळालं तर. (मिळत नाही.) दुकानदाराने आमची बॅटरी हातात घेतली, तारीख बघितली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शिळा वडापाव परत आणलाय.

‘‘रोज लोक अख्खा डबा घेऊन येतात, साहेब, आणि नुसती बॅटरी घेऊन जातात,’’ तो म्हणाला. ‘‘काही तर डबा टाकूनच नवा घेतात. आपलं काय जातंय?’’

नवी बॅटरी अकराशेला. जुनी दिली म्हणून दीडशे कमी. जुनी परत देणं मस्ट आहे, बरं का. शिसं विषारी असतं, ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची वस्तू नव्हे. २०२२च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, पण ती त्यांच्यापर्यंत पोचवायची तर सुरुवात आपल्यालाच करावी लागते. बाबांनी नव्या बॅटरीवरची तारीख चष्मा वर करून वाचली. दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. मग तिथेच बल्ब लावून दाखवायला सांगितलं. दुकानदाराने मुकाट्याने दाखवलं. जातिवंत गिऱ्हाईक तो ओळखतो.

घरी येऊन बॅटरी बसवली. लाल लालला, काळी काळीला, झाकण बंद, स्क्रू घट्ट. मी लगेच बटण दाबून बघणार, तेवढ्यात बाबांनी हात धरला. ‘‘आठ तास चार्ज होऊ दे. उद्या बघू.’’

उद्या? मी घड्याळात बघितलं. मला रात्री वाकडला जायचं होतं. काय काम होतं म्हणाल, तर काही नाही. मॅच होती.

राहिलो. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्या घरी झोपलो. रात्री बाबा व्हाऊचर वाचत होते आणि मी टाईप करत होतो. ‘‘लिफ्ट मेंटेनन्स, चार हजार दोनशे. टाकी धुणे, अठराशे.’’ दीड वाजेपर्यंत सप्टेंबर गाठला. मध्ये एकदा बाबा म्हणाले, ‘‘तुझा स्पीड चांगला आहे.’’ माझ्या अप्रेझलमध्येही कोणी इतकं छान बोललं नव्हतं.

रविवारी सकाळी महापरीक्षा. सगळ्या फाईली सेव्ह करून बंद केल्या. मी प्लग खेचणार, तोच बाबा म्हणाले, ‘‘प्लग नको, भिंतीवरचं बटण बंद कर. प्लग काढला तर अर्थिंगही जातं.’’ केलं. टिक! बीप... बीप... कॉम्प्युटर चालू! आईने टाळ्या वाजवल्या. बाबांनी ऐटीत नोटीस प्रिंटला दिली.

आणि यूपीएस किंचाळला. सलग, लांबलचक. खटॅक. सगळं बंद.

मी कपाळावर हात मारला. ‘‘गेला! मदरबोर्ड गेला! ट्रान्सफॉर्मर गेला! मी आत्ता नवीन ऑर्डर...’’

बाबा खाली वाकले आणि यूपीएसच्या मागच्या वायरींवरून बोट फिरवत गेले. मॉनिटर. कॉम्प्युटर. आणि तिसरी... लेझर प्रिंटर.

लोहो, हा किस्सा पाठ करून ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावायचा नाही. त्याच्या आत शाई कागदावर पक्की करायला एक हीटर असतो, आणि तो तापताना काही शे वॅट एकदम ओढतो. आपला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे! छोट्या यूपीएसमध्ये ते ३६० वॅटच्या आसपास भरतात. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि वर हा हीटर. तो बिचारा हातच टेकणार. प्रिंटर, इस्त्री, हीटर, मिक्सर हे सगळे थेट भिंतीत. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर, मॉनिटर आणि वाय-फायचा डबा. बास.

हा प्रिंटर तिथे कोणी लावला होता, हे विचारू नका. आठ लाईक्सवाला फोटो मी अजून डिलीट केलेला नाही, त्यात तो स्पष्ट दिसतो.

प्रिंटर भिंतीत गेला. परत बटण बंद. बीप... बीप... बाबा हातात घड्याळ घेऊन बसले. पाच मिनिटं. आठ. दहा. बारा मिनिटांनी बीप घाईला आली तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर नीट शटडाऊन केला. बारा मिनिटं कमी वाटतात? यूपीएस सिनेमा बघायला नसतोच. सेव्ह करून सन्मानाने बंद करायला असतो. त्याला बारा मिनिटं भरपूर झाली.

आता, नवी बॅटरी टाकूनही यूपीएस उचलत नसेल, फ्यूज परत परत उडत असेल, आतून जळका वास येत असेल किंवा लाईट असतानाही आतला रिले सारखा टक-टक करत असेल, तर मग मामला सर्किटचा असू शकतो किंवा घरच्या वायरिंगचा. मॉस्फेट, रिले, लूज न्यूट्रल वगैरे. तिथे आपलं शौर्य दाखवायचं नाही. जाणकार माणूस बोलवायचा.

आमच्या बाबतीत तेच केलं. यूपीएससाठी नाही. बाबांच्या हातासाठी.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टी टाकली आणि आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. वेटिंग रूममध्ये बाबा गप्प होते. त्यांच्या मनात एकच नाव घोळत होतं, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं: पार्किन्सन. गणपतीपासून ते त्या नावासोबत एकटे राहत होते. आणि मी कामात होतो.

डॉक्टरांनी हात मांडीवर ठेवायला सांगितला. स्थिर. मग पेनने गोल गोल काढायला सांगितलं. थरथर. मग भरलेला पेला उचलायला सांगितला. थरथर. बरंच काही तपासलं, चालायला लावलं, आणि मग म्हणाले, ‘‘पार्किन्सनची थरथर सहसा हात स्वस्थ असताना दिसते. तुमची काम करताना येतीये. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात.’’ गोळी सुरू झाली. हात पूर्ण थांबलेला नाही, पण पेला आता कमी सांडतो. बाहेर आल्यावर बाबांनी रस्त्यावरच उसाचा रस मागवला. मोठा ग्लास. एकाच हाताने प्यायले.

ऑडिट वेळेत झालं. टाकी धुण्याचे अठराशे दोनदा पडलेले निघाले. ती चूक माझी होती.

मॉनिटरवरची चिठ्ठी मी काढायला गेलो तर बाबांनी काढू दिली नाही. वरच्या दोन ओळी खोडल्या आणि खाली तिसरी लिहिली: ‘दर ३ महिन्यांनी बटण बंद करून बघणे.’ शेजारी रजिस्टर आहे. तारीख, किती मिनिटं टिकला, सही. पहिली नोंद बारा मिनिटांची. सही वाकडी आहे, पण बाबांचीच आहे.

सो, दोस्तहो, या रविवारचं तुमचं होमवर्क. एक: सगळं सेव्ह करा, टेबलाखालच्या डब्याचं भिंतीवरचं बटण बंद करा आणि तो किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. दोन: डब्यावरची रद्दी उचला, त्याला वारा लागू द्या. तीन: बॅटरी कोणत्या साली टाकली, ते स्केचपेनने तिच्यावरच लिहून ठेवा.

आणि चार: घरी फोन कराल तेव्हा नुसतं ‘सगळं ठीक ना?’ विचारू नका. तो हिरवा दिवा आहे, तो लागतोच. सरळ जा, जेवायला बसा, आणि बाबांना म्हणा, ‘‘जरा आमटी वाढता का?’’

मग वाटीकडे नका बघू. हाताकडे बघा.